साबण कुणाचा, पाणी कुणाचं?

मित्रांनो, प्रश्न साधा दिसतो म्हणून त्याला बगल देऊ नका.

लासलगावात कांद्याच्या हंगामात रात्री फिरून बघा. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, स्टेशनाबाहेर, ट्रॅक्टरच्या ओळीत माणसं झोपलेली असतात. कुणी सुरगाणा-पेठकडून कामाला आलेला, कुणी घरातून काढून दिलेली म्हातारी, कुणी गाडीतून उतरला तो पुन्हा चढलाच नाही. आपली काही पोरं म्हणतात, यंदा १४ एप्रिलला डीजेचे पैसे वाचवू आणि या माणसांना एकेक पिशवी देऊ. साबण, टूथपेस्ट, कंगवा, नेलकटर, बायांना पॅड. दुसरी पोरं म्हणतात, ही भूतदया झाली. हे शेठजींचं काम, चळवळीचं नव्हे. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. 'स्वच्छता' हा शब्द आपल्या बाबतीत कधीच साधा नव्हता. तुम्ही घाण राहता म्हणून तुम्हाला दूर ठेवतो, असं आपल्या बापजाद्यांना सांगितलं गेलं. हे खोटं होतं, आणि त्याचा पुरावा महाडलाच मिळाला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. नंतर सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कशानं? तर १०८ घागरी पंचगव्यानं. म्हणजे पाण्यात शेण चाललं, गोमूत्र चाललं, माणसाची ओंजळ तेवढी चालली नाही. तेव्हा शुद्धता आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घ्या. पहिली जन्मावर ठरते, दुसरी पाण्यावर. गाडगेबाबा परीट समाजातले. गावाचे कपडे धुणारी ही जात खालची ठरली आणि कपडे मळवणारे वरचे राहिले. घाण हे कारण असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

आता पायरीवर झोपलेल्या माणसाकडं बघा. त्याला कुणी जात विचारत नाही. गरजच पडत नाही. 'वास येतो' एवढं पुरतं. सकाळी पायरीवर बादलीभर पाणी ओतलं जातं, ते पायरी धुवायलाही असतं आणि त्याला उठवायलाही. मळका म्हणून त्याला काम मिळत नाही, काम नाही म्हणून तो मळकाच राहतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात तर जगण्याचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेसुद्धा भीक मागण्यात मोडलं. अंगावरचा मळ हा असा गुन्ह्याचा पुरावा होऊन बसतो.

म्हणून दुसऱ्या मित्रांना सांगतो, साबणाला हसू नका. आंघोळ केलेल्या माणसाला कामाच्या आणि दवाखान्याच्या दारात उभं राहता येतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की लुगडं नेसायची जुनी खूण सोडा, स्वच्छ राहा. हे त्यांना किरकोळ वाटलं नव्हतं. मात्र कधी सांगितलं ते बघा. तळ्यावर हक्क सांगितल्यानंतर. आणि जो म्हणतो आधी क्रांती, मग साबण, त्याच्या स्वतःच्या मोरीत साबण असतोच. दुसऱ्याची आंघोळ क्रांतीपर्यंत तहकूब करायचा अधिकार त्याला कुणी दिला?

आता पिशवीवाल्या मित्रांकडं वळतो. तुम्ही साबण दिला. पाणी कुठाय? बादली कुठाय? ओला साबण ठेवायचा कशात, आणि धुतलेला सदरा वाळत घालायचा कुठं? पॅड दिलं, बदलायला आडोसा कुठाय? वापरलेलं टाकायचं कुठं? सरकारनं २०१८ साली पॅडवरचा जीएसटी काढला, २०२५ च्या सप्टेंबरात अंगाच्या साबणावरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलं झालं. पण उघड्यावर झोपणाऱ्या बाईची अडचण किमतीपाशी सुरू होत असली तरी तिथं संपत नाही. तिला कडी लागणारं दार पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत आख्खा देश सांगत होता, घरात राहा आणि वीस सेकंद हात धुवा. तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यानं, आपल्या नाशिकवरून, माणसं पायी चालली होती. ना घर, ना नळ. सल्ला खरा होता, पण तो त्यांच्यासाठी नव्हताच. पाण्यावाचून दिलेला साबण हा असाच सल्ला आहे. 'तू घाण आहेस' एवढंच तो बोलतो.

मग द्यायचं कोणत्या नात्यानं? कुणी म्हणेल, त्याच्या अंगावरची धूळ कांद्याची आहे, तो कांदा आपल्या ताटात येतो, म्हणून साबण ही त्याची राहिलेली मजुरी समजा. ऐकायला बरं वाटतं. पण मग त्या म्हातारीचं काय, जिच्यानं गोणी उचलत नाही? भान हरपलेल्या माणसाचं काय? आंघोळ जर कमवावी लागत असेल तर त्यांना ती कधीच मिळायची नाही. म्हणून मजुरीचा हिशोब अपुरा आहे, आणि दया तर नकोच. दया आज येते, उद्या कंटाळते.

खरा पाया महाडचा आहे. तिथं प्रश्न तहानेचा नव्हता. तळं सार्वजनिक आहे आणि आम्हीही माणसं आहोत, हे ठरवायचं होतं. पुढं संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर स्नानघाटही लिहिले गेले. आंघोळीची जागा देशाच्या संविधानात आहे, मित्रांनो! त्या कलमानं जातीवरून अडवायला बंदी केली. आज अडवणारा जात काढत नाही. तो म्हणतो, सुट्टे पैसे आण, किंवा तू इथला नाहीस. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांत लाख वस्तीमागं एक निवारा, बारमाही नि चोवीस तास, असा आदेश दिला. लासलगावाएवढं गाव त्या मापात बसत नाही. पण पायरीवर झोपणाऱ्याला गाव लहान की मोठं यानं काय फरक पडतो? गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तसा धर्मशाळाही बांधल्या, नाशिकला, पंढरपूरला. लोकांना नुसतं स्वच्छ राहा म्हणून ते थांबले नाहीत. उतरायला जागा उभी केली.

तर पिशव्या जरूर वाटा. पण आधी विचारा, काय पाहिजे. कुणाला साबणापेक्षा बादली पाहिजे असेल, कुणाला चादर, कुणाला काहीच नको असेल. नको म्हणायचा हक्क त्यालाही आहे. फोटो काढू नका. आपल्या आईचा आंघोळीच्या सामानासकट फोटो आपण छापू का?

आणि वाटताना गावातले नळ मोजा. कोणता रात्री चालू असतो, कुठं दार आहे, कुठं कडी आहे, कुठं पैसे मागतात, बाईमाणूस कुठं जाऊ शकतं. ते कागदावर मांडा आणि गावकारभाऱ्यांपुढं ठेवा. मागणी एवढीच: फुकट पाणी, कडीचं दार, कपडे वाळवायला दोरी, बारा महिने. अर्जावर पहिला अंगठा पायरीवर झोपणाऱ्यांचा असू द्या. आपल्या सह्या त्याच्या खाली.

जयभीम.