भीष्मांना गुप्त मतदान असतं तर

पुण्यात नारायण पेठेत आमचा छापखाना आहे. एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. निवडणूक लागली की पत्रकं. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं. त्यामुळे एकाच आठवड्यात एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन पत्रकांच्या तळाशी, बारीक अक्षरांत, आमचंच नाव असतं. परवा एका गिऱ्हाइकाने दोन्ही पत्रकं टेबलावर ठेवून विचारलं, "वहिनी, तुमचा धर्म कोणता मग?"

प्रश्न थट्टेतला असला तरी मी तो सोडला नाही.

आमचा कसबा मतदारसंघ १९९५पासून भाजपचा. गिरीश बापट सलग पाच वेळा, मग मुक्ता टिळक. २०२३च्या पोटनिवडणुकीत तिथे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजारांनी आले. २०२४च्या नोव्हेंबरात हेमंत रासन्यांनी भाजपसाठी जागा परत घेतली. मधल्या काळात पेठा तिथेच होत्या, माणसंही बरीचशी तीच. म्हणजे कोणाच्याही खात्यावर कायमचा न लिहिलेला मतदार इथे आहे. आमच्या धंद्याला तो लगेच कळतो: पूर्वी साऱ्या वॉर्डाला एक मजकूर पुरायचा, आता वाड्याला वेगळा, सोसायटीला वेगळा. प्रती थोड्या, प्रुफं फार.

पण हा मतदार आणि मी एकाच जातकुळीचे नाही. मी दोघांचं छापते, कारण मला निवड करायची नसते. तो कोणाचा नसतो, कारण त्याला निवड करायची असते. माझा तटस्थपणा व्यवहार आहे. त्याचा मोकळेपणा ही जबाबदारी आहे.

निवडीचा हा प्रश्न महाभारतातही येतो. युद्धाच्या तोंडावर धर्मराज भीष्मांच्या पाया पडायला जातात. न्याय कुठे आहे हे भीष्मांना ठाऊक असतं, तरी ते सांगतात की कौरवांच्या धनाने मी बांधला गेलोय. मग धर्मराज हाक देतात: आमच्याकडे यायचंय कोणाला? धृतराष्ट्राचा मुलगा युयुत्सू उघडपणे पलीकडे जातो. त्याची आई वैश्य होती, हे माझ्यासारख्या व्यावसायिक बाईला विसरता येत नाही.

युयुत्सूचं धैर्य सगळ्यांकडे नसतं. कर्ज असतं, मालक असतो, मोठं गिऱ्हाईक असतं. गुप्त मतदान भीष्मांसारख्या बांधलेल्या माणसांसाठीच आहे: मीठ ज्याचं खाल्लं त्याला न दुखावताही न्यायाच्या बाजूला जाता येतं. म्हणून मालकाचा धर्म इतकाच, की मतदानाची भरपगारी सुट्टी कुरकुर न करता द्यावी आणि दुसऱ्या दिवशी कामगाराला "कोणाला दिलंस?" असं विचारू नये.

गिऱ्हाइकाला मी म्हटलं, "छापखान्याला धर्म आहे: मजकूर चोख, हिशेब चोख. माझा धर्म मी मतदान केंद्रात पाळते. तो पत्रकाच्या तळाशी छापत नाही."