फुप्फुस हे भांडे आहे काय?

नोएडातील आमच्या घरी रविवारी संध्याकाळी पुतणीची मित्रमंडळी एक खेळ मांडून बसतात. कागद, पेन्सिली, वीस पैलूंचा फासा आणि उदंड कल्पना, एवढ्या सामग्रीवर तो चालतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. उरलेले जग, त्यातले राक्षस, पाऊसपाणी आणि न्यायही, एका सूत्रधाराच्या हाती असतो. आमच्याकडे ते काम पुतणीचे.

परवा तिच्यापुढे एक खटला उभा राहिला. पाणी निर्माण करण्याचा एक मंत्र या खेळात आहे. त्याने उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी उत्पन्न होते, असा नियम. एका मुलाचे पात्र मरणाच्या दारी होते. तो म्हणाला, "राक्षसाने तोंड उघडले आहे, म्हणजे त्याचे फुप्फुस हे उघडे भांडेच. मी ते भरतो."

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अग्नी जाळतो की नाही, हा वाद निखाऱ्याला बोट लावून मिटवता येतो. खेळातल्या मंत्राला मात्र शब्दांपलीकडे अस्तित्वच नाही. म्हणून त्याविषयीचा वाद हा निखळ अर्थनिर्णयाचा वाद असतो, आणि त्या प्रांतात आपले मीमांसक पूर्वीच वावरून गेले आहेत. चिखलात पुष्कळ काही जन्मते, परंतु 'पंकज' म्हटल्यावर आपण कमळच समजतो. रूढ अर्थ अवयवार्थाहून बलवान, असे ते मानतात. ज्यात काही मावते ते भांडे म्हटले, तर पायातला जोडाही भांडे ठरेल.

पुतणीने एवढेच सांगितले. मुलगा हटेना. "मग नृसिंहाने काय केले? आत नाही, बाहेर नाही. दिवस नाही, रात्र नाही. वराचे शब्द पाळूनच ना मारले?"

मी चहाचा पेला खाली ठेवला. या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ विचार केला. उंबरठ्याला आपण 'आत'ही म्हणत नाही आणि 'बाहेर'ही म्हणत नाही. शब्द जेथे मुके होते ती जागा नृसिंहाने शोधली. या मुलाने बोलत्या शब्दाकडून हवे ते वदवून घेतले. तथापि ही रेषा दर वेळी इतकी स्वच्छ नसते. मागे वस्तू मोठी करणाऱ्या मंत्राने दाराची बिजागरी फोडण्याची अशीच ओढाताणीची युक्ती पुतणीने मान्य केली होती, आणि तेव्हा सर्वांनी टाळ्या पिटल्या होत्या. मुलाने तीही आठवण दिली.

तिचा चेहरा उतरला. "तेव्हा माझे चुकले," ती म्हणाली. "राक्षसाने हाच मंत्र तुझ्या फुप्फुसात सोडला असता, तर तू मानले असतेस?" तो क्षणभर थांबला आणि त्याने निमूटपणे फासा टाकला. दोन वर्षे जपलेले त्याचे पात्र गेले.

मला आठवली ती आमच्याच पंचक्रोशीतली सभा. हस्तिनापूर आज मेरठ जिल्ह्यात, म्हणजे राजधानी क्षेत्रातच येते. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न एका अर्थी द्यूताच्या नियमांचाच होता. भीष्मांनी धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळला. विकर्ण बोलला, त्याला कर्णाने गप्प बसवले. भीष्मांचे ज्ञान उणे नव्हते. निर्णय देऊन चुकण्याची तयारी उणी होती.

मंडळी निघाली. जिन्यातून त्या मुलाने वर पाहून विचारले, "आणि विहीर?"

"तिला झाकण आहे का, ते आधी सांग," पुतणी म्हणाली.