नावाची राखण

माणसाचे नाव कोणाच्या मालकीचे? प्रश्न विचित्र वाटेल. तथापि आमच्या ग्वाल्हेरात तो एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. १८७४ साली महाराज जयाजीराव शिंदे यांनी एका माणसाला पकडून इंग्रजांच्या हवाली केले. सत्तावनच्या उठावानंतर नाहीसे झालेले नानासाहेब पेशवे ते हेच, अशी बातमी देशभर पसरली. नानासाहेबांना पूर्वी पाहिलेल्या लोकांना ओळख पटवण्यासाठी बोलावले गेले, पण त्यांचे एकमत होईना. अखेर हा मनुष्य नानासाहेब नव्हे, असेच ठरले. माणूस कोण, हे त्या काळी इतरांच्या आठवणीवर ठरत असे. ती आठवण चुकली असती, तर एक भलताच मनुष्य फासावर गेला असता.

आज आठवणीची जागा क्रमांकाने घेतली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यानंतर १३० कोटींहून अधिक क्रमांक निघाले. बारा आकडे, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि एक छायाचित्र एवढ्यावर आपण कोण आहोत हे सरकारला कळते. या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. ज्याच्याजवळ ना जन्माचा दाखला, ना शाळेचा, ना जमिनीचा सातबारा, अशा माणसाला तो अमुक आहे असे सांगणारा एक तरी कागद मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु आठवण चोरता येत नाही, क्रमांक चोरता येतो. जमिनीच्या खरेदीखतांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून, लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार आपल्या देशात उघडकीस आले आहेत. अंगठा तर आपल्याच हाताला असतो, आणि तरीही कोणी दुसरा तो आपल्या नावावर उमटवून जातो!

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आपण सर्व जाणतो. आंधळ्या इसहाकापुढे तो थोरल्या भावाचे नाव सांगत गेला. करडांची कातडी त्याच्या हातांवर बांधलेली होती. आवाज ऐकून बापाला शंका आली, पण हात चाचपून त्याची खातरी पटली. शरीराच्या खुणेवर भिस्त ठेवून फसणे इतके जुने आहे. मात्र या कथेचा आधीचा भाग आपण विसरतो. आशीर्वाद चोरीला जाण्यापूर्वी एसावाने आपले ज्येष्ठपण भाकरी आणि मसुरीच्या वरणासाठी विकले होते. म्हणजे नाव दोन वाटांनी जाते, चोरीने आणि विक्रीने. पहिल्या वाटेविषयी आपण पुष्कळ बोलतो, दुसऱ्या वाटेविषयी गप्प राहतो.

मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळा या दुसऱ्या वाटेचा होता. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या प्रवेशपरीक्षांना खऱ्या उमेदवाराऐवजी दुसराच हुशार मुलगा बसवला जाई. प्रवेशपत्रावर फोटो त्याचा आणि नाव मात्र उमेदवाराचे. २०१३ साली इंदूरला असे तोतये परीक्षार्थी पकडले गेले आणि प्रकरण बाहेर पडले. त्याची झळ आमच्या ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयालाही लागली व तेथील विद्यार्थ्यांना तुरुंग पाहावा लागला. २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठरवले. येथे कोणाचे नाव चोरले गेले नव्हते. नावाच्या धन्याने ते स्वखुशीने भाड्याने दिले होते. मग नुकसान कोणाचे झाले? रात्र रात्र अभ्यास करून ज्याचे नाव यादीबाहेर राहिले, त्या मुलाचे. आणि पुढे ज्या रोग्यांची नाडी अशा डॉक्टरच्या हाती जाणार होती, त्यांचे.

म्हणून 'माझे नाव माझे आहे, मी त्याचे काहीही करीन' हे म्हणणे आम्हांला पटत नाही. नाव आपल्यापाशी असते, पण इतर लोक त्यावर विसंबून असतात. आज अनेक तरुण चार-दोन हजारांच्या मोबदल्यात आपले बँक खाते, सिमकार्ड आणि आधारची प्रत परक्याच्या हाती देतात. आपण फक्त कागद दिले, गुन्हा नाही केला, अशी ते मनाची समजूत घालतात. पण लुटीचा पैसा ज्या खात्यांतून पळवला जातो, ती हीच खाती. मसुरीचे वरण आजही स्वस्तच विकले जाते.

या लुटीचा एक नमुना २०२५ साली ग्वाल्हेरात घडला. येथील एका धार्मिक संस्थेच्या जबाबदार पदाधिकाऱ्यांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण नाशिकचे पोलीस असल्याचे सांगितले. तुमच्या नावावर बेकायदा पैशाचा व्यवहार झाला आहे, असे बजावून त्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ फोनच्या धाकात अडकवून ठेवण्यात आले आणि सुमारे अडीच कोटी रुपये उकळण्यात आले. येथे ध्यानात घ्यावे, की चोरांचे हत्यार भीती हेच होते, आणि तीही आपले नाव कोणी चोरले असल्याची! प्रामाणिक माणसाला आपल्या नावाची चाड असते, म्हणून तोच लवकर घाबरतो. अशा माणसाला 'एवढे कसे कळले नाही?' असे हसून विचारणे हा दुसरा अन्याय आहे. त्या हसण्याच्या भयाने पुढचा मनुष्य घरच्यांनाही सांगत नाही, आणि त्याचे हे मौनच चोराच्या पथ्यावर पडते.

मग राखण कोणी करावी? सरकारने करावी, हे उघड आहे. जो क्रमांक देतो त्याने तो सांभाळला पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ च्या आधार निकालात बँक खाते व मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तरी कायदा चोरीनंतर धावतो. चोरीपूर्वी मध्ये एक तिसरा मनुष्य असतो. तो म्हणजे दुसऱ्याचे कागद हाताळणारा.

तो तिसरा मनुष्य पुष्कळदा आपणच असतो. आमच्या मंडळ्यांच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. जन्मदाखला नसलेल्या अनेकांनी त्यांतील उतारा दाखवून आपले वय सिद्ध केले. वडीलधाऱ्यांनी त्या वह्या वाळवीपासून आणि खाडाखोडीपासून जपल्या, कारण त्यांत लोकांची नावे होती. आज त्याच कपाटात वसतिगृहातील मुलांच्या, विधवांच्या, मदत मागणाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स प्रती पडून असतात. कपाटाला कुलूप असते का? काम झाल्यावर त्या प्रती फाडून जाळल्या जातात, की रद्दीत जाऊन भेळेच्या पुड्याला लागतात? ज्याला पैशाच्या हिशेबाबद्दल कारभारी म्हणतो, त्याला नावाच्या हिशेबातही कारभारीच म्हटले पाहिजे.

सवयी साध्या आहेत. केवळ शेवटचे चार आकडे दाखवणारे आधार बहुतेक कामांना चालते, तेच द्यावे. बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय आधारमध्ये आहे, ती वृद्धांना शेजारी बसून करून द्यावी. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, हे घराघरांत सांगावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे: क्रमांक सरकारने दिलेला आहे, नाव आईबापांनी दिलेले आहे, आपण दोहोंचे राखणदार आहोत. आणि ज्याच्या हाती शेजाऱ्याचा कागद आला, तो तेवढ्या वेळेपुरता शेजाऱ्याच्या नावाचाही राखणदार झाला. मी काय त्याचा राखणदार आहे, असे म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत.