सामाईक तक्ता, स्वतंत्र रकाने

संगणकाच्या लेखी देवनागरी 'क' म्हणजे २३२५. बंगाली 'क' २४५३, गुरुमुखी २५८१, गुजराती २७०९. असंच ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड करत मल्याळमपर्यंत गेलं, की तिथल्या 'क'चा क्रमांक ३३४९ निघतो. दर लिपीमागे बरोबर १२८ची भर. 'च' घ्या, 'म' घ्या, 'ह' घ्या, हिशेब तोच. १९८०च्या दशकात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या पुढाकाराने ब्राह्मीच्या कुळातल्या लिप्यांसाठी मिळून एकच तक्ता तयार झाला, त्याची ही करामत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं 'जिस्ट' तंत्रज्ञान त्याच काळातलं. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने तो तक्ता प्रमाण मानला आणि वरचे क्रमांक ज्याचे, त्या युनिकोडने आपली भारतीय लिप्यांची मांडणी त्याच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतली. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी 'क'ची कळ तीच कन्नड 'क'ची, तेही त्यामुळेच.

नात्यातल्या भाषांनी तंत्रज्ञानाची साधनं एकत्र उभी करावीत, असं हल्ली बरंच बोललं जातं. पैसा कमी, माणसं कमी, मजकूर कमी. मग प्रत्येकीने वेगळी चूल का मांडायची? मुद्दा रास्तच आहे. पण सामाईक करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर या जुन्या तक्त्याइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित सापडतं.

तक्ता करणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. सगळ्या लिप्यांत जेवढं समान तेवढंच घ्यायचं, किंवा सगळ्यांचं मिळून जे जे आहे ते सगळं घ्यायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. तमिळला 'ख', 'ग', 'घ' नकोत, तर तिच्या रांगेत त्या जागा रिकाम्या राहिल्या. हिंदीला 'ळ'ची गरज नाही, म्हणून 'ळ' गाळला नाही. द्राविडी भाषांतला कठोर 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून 'ऱ'ची जागा ठेवली. आणि गंमत अशी, की दक्षिणेच्या सोयीसाठी राखलेली हीच जागा पुढे मराठीच्या कामी आली. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'सुऱ्या' आज आपण लिहितो ते याच अक्षराच्या जोरावर. ती जागा नसती, तर आचार्यांना वाढायचं की आचाऱ्यांना, हे संगणकाला कळायला आणखी खटपट करावी लागली असती. हा तक्ता सगळ्यांना मानवला असं मात्र नाही. तमिळ अभ्यासकांचा त्यावर आक्षेप राहिला आणि तमिळनाडू सरकारने स्वतःची वेगळी संकेतप्रणालीही पुढे केली. तरीही कुणालाही गाळायचं नाही, हे तत्त्व टिकलं.

त्या तत्त्वाचं व्याज आजही मिळतंय. चेन्नईच्या आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' या गटाने २०२३ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांसाठी 'इंडिकट्रान्स-२' ही भाषांतरप्रणाली खुली केली. तिच्यात ब्राह्मी कुळातल्या लिप्यांतला बराचसा मजकूर आधी देवनागरीत वळवून घेतला जातो. म्हणजे गुजरातीतला आणि मराठीतला एकच शब्द यंत्रापुढे एकाच रूपात येतो आणि एकीकडून शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडतं. कोंकणीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मंगळूरकडची कोंकणी कन्नड लिपीत लिहितात आणि गोव्यात देवनागरी राजमान्य आहे. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले, की तो मजकूर बव्हंशी देवनागरीत येतो. कन्नडचे ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' तेवढे वेगळे हाताळावे लागतात. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीला मात्र ही वजाबाकी लागू पडत नाही. तिची लेखनपरंपराच निराळी, तिच्यासाठी निराळं काम करावं लागतं. तियात्र या नाट्यप्रकाराचं आणि गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचं एवढं लेखन रोमीत असताना ते काम टाळून चालणार नाही.

आता शब्दांकडे येऊ. अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉर्ज मिलर यांनी १९८५च्या सुमारास वर्डनेट सुरू केलं. समानार्थी शब्दांचे संच करायचे आणि ते संच अर्थाच्या नात्यांनी एकमेकांना बांधायचे, अशी त्याची रचना. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली हिंदीचं आणि मराठीचं वर्डनेट झालं, गोवा विद्यापीठात कोंकणीचं, आणि अशा अठरा भाषा 'इंडोवर्डनेट'मध्ये एकत्र गुंफल्या गेल्या. कामाची रीत सोपी आणि काटकसरीची होती: हिंदीतला संच समोर ठेवायचा आणि त्याच क्रमांकावर आपल्या भाषेतले शब्द मांडायचे. एका क्रमांकात अठरा भाषा हाती येतात. लहान भाषेला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण याच रितीत एक खोट आहे. इथे यादी सगळ्यांची मिळून होत नाही, ती एका भाषेपासून निघते. गोव्यात खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी बांध घालून शेतीखाली आणतात, त्यांना खाजन म्हणतात. बांधात लाकडी दाराची मानस बसवलेली असते. भरतीचं पाणी चढलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. शेती, मासेमारी, गावकीचे हिशेब असा शब्दांचा एक अख्खा संसार या व्यवस्थेभोवती उभा आहे. हिंदीपासून निघालेल्या यादीत तो आपणहून उतरणार नाही. अशा शब्दांसाठी प्रकल्पाला पुढे भाषानिहाय वेगळ्या संचांची सोय करावी लागली. कोंकणीकडे जे आहे आणि हिंदीकडे नाही, ते पुरवणीत गेलं. अक्षरांच्या तक्त्यात ही वेळ आली नव्हती.

मराठी माणसाने इथे हिंदीकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. कोंकणी, मालवणी, अहिराणी, हलबी यांच्याशी वागताना आपणही तेच करतो. 'कोंकणी ही भाषा की मराठीची बोली' या वादाने गोव्यात केवढं रण माजवलं, हे सर्वांना ठाऊक आहे. ग्रियर्सनने १९०५ साली आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात कोंकणी मराठीखाली घातली. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेली. अहिराणी जिच्यात मोडते ती खानदेशी मात्र त्याच ग्रियर्सनने भिल्ली भाषांच्या शेजारी नेऊन बसवली, आणि २०११च्या जनगणनेतही ती मराठीबाहेर स्वतंत्र नोंदली गेली, भाषक सुमारे साडेअठरा लाख. कोंकणीचे साडेबावीस लाख, मराठीचे आठ कोटी तीस लाख.

कोण कुणाची बोली, हा निवाडा झाल्याशिवाय यंत्राचं काही अडत नाही. त्याला रूपं हवीत. 'घर' हा शब्द घ्या. मराठीत 'घराला', कोंकणीत आणि मालवणीत 'घराक', वऱ्हाडीत 'घराले', अहिराणीत 'घरले'. आधी सामान्यरूप करायचं, मग प्रत्यय लावायचा, ही रीत पहिल्या चौघींत एकच; अहिराणी 'आ' न लावता थेट प्रत्ययाला जाते. म्हणजे शब्द उकलणारं यंत्र एक पुरतं, बदलतात ते नियमांचे तक्ते. नॉर्वेत ट्रोम्सो विद्यापीठाने सामी भाषांसाठी नेमकं हेच केलं. उत्तर सामीचे भाषक काही हजार, दक्षिण सामीचे तर काहीशेच. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेत यंत्राला शिकवण्याजोगा मजकुराचा डोंगर कुठून आणणार? तिथल्या अभ्यासकांनी नियम हाताने लिहिले, चालवणारी यंत्रणा सगळ्यांसाठी एकच ठेवली आणि प्रत्येक भाषेचं व्याकरण वेगळ्या दप्तरात ठेवलं. शब्दलेखन-तपासणी, कळफलक, कोश सगळं त्यातून निघालं, आणि सगळं खुलं. एकीसाठी केलेली सुधारणा दुसरीला आयती मिळते. दुसरीचं व्याकरण मात्र पहिलीच्या मुशीत ओतावं लागत नाही.

आपल्याकडे ही दप्तरं वेगळी राहत नाहीत, तिथे घोटाळा होतो. मराठीने १९६२च्या लेखननियमांत बहुतेक अनुच्चारित अनुस्वार सोडले. कोंकणीत 'म्हजें', 'केळें' यांवरचा अनुस्वार उच्चारातही आहे आणि नपुंसकलिंग दाखवायच्या कामाचाही आहे. मराठीची तपासणी कोंकणी मजकुरावर लावली, तर ओळीओळीला लाल रेघ उमटेल. उलट बाजूने, मजकूर देवनागरीत आहे आणि थोडकाच आहे एवढ्यावरून मालवणी किंवा अहिराणी लेखन मराठीच्या पोत्यात पडतं. तिथून ते वेगळं काढायला कुणी जात नाही, कारण त्यावर चिठ्ठीच नसते. मग यंत्र एक तर ते चुकीची मराठी समजतं, किंवा त्या भाषेत लिहायला सांगितलं की मराठीलाच चार 'क' आणि 'ले' चिकटवून देतं. ज्याचं रग्गड वाचलं, त्याच्याकडे यंत्राचा कल झुकणारच. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली नसेल, तर ज्याचा पंप मोठा त्याचंच शेत भिजतं.

पाळी ठरवण्याचा नमुना आपल्या घरातच आहे. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात शब्दापुढे कंसात लहानशी खूण येते: गोमंतकी, वऱ्हाडी, नागपुरी, बेळगावी. शब्द कुठला, हे संपादकांनी पुसलं नाही. भाषाशास्त्रज्ञ घाटग्यांनी १९६०च्या दशकात बोलींचं एकेक सर्वेक्षण पुस्तकरूपाने काढलं, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे नमुने ध्वनिमुद्रणासह खुले केले आहेत. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोशाचे चार खंड मुक्त परवान्याखाली आणले. कच्चा माल आहे आणि परंपराही आहे. उणीव आहे ती हे सगळं एका तक्त्यात मांडण्याची, आणि त्यात प्रत्येकीचा रकाना तिच्या नावाने ठेवण्याची.

त्या तक्त्याचे नियम फार नाहीत. नोंद कुठल्या गावची, कुठल्या लिपीतली, हे प्रत्येक नोंदीसोबत असावं. एका भाषेत शब्द नसेल तर रकाना रिकामा राहावा, शेजारणीचा शब्द उसना घेऊन तो भरू नये. यादी कुणाही एकीपासून सुरू होऊ नये. खाजनाची नोंद गोव्याकडून यावी, बाकीच्यांनी मागाहून आपापला रकाना पाहावा. लोकांच्या पैशातून झालेलं काम मुक्त परवान्याने लोकांना परत मिळावं. आणि ज्यांनी बोलून, सांगून, तपासून दिलं, त्यांना मोबदला आणि श्रेय मिळावं.

यातला जास्त भार मराठीने उचलायला हवा. माणसं, विद्यापीठं आणि २०२४मध्ये मिळालेला अभिजात दर्जा, हे सगळं तिच्याकडे आहे. बोलीतून लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. जुने अंक, कथासंग्रह, लोकगीतांच्या वह्या संगणकावर चढवताना त्यावर 'मराठी' एवढंच लिहून थांबू नका. अहिराणी असेल तर अहिराणी लिहा, मालवणी असेल तर मालवणी, आणि गावाचं नावही लिहा. त्या एका चिठ्ठीशिवाय पुढचं कुठलंच यंत्र त्या भाषेला ओळखणार नाही.