यंत्राचा शब्द आणि दुकानदाराची पत

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांतील बहुतेक मोठ्यांना उद्देशून आहे. राष्ट्रांनीं काय करावें, विद्यापीठांनीं काय करावें, हजारों नोकर बाळगणाऱ्या कंपन्यांनीं कोणते निर्बंध पाळावे, याचा ऊहापोह पुष्कळ झाला. युरोपीय संघानें तर २०२४ सालीं या विषयावर एक सविस्तर कायदाहि केला. परंतु ज्याच्या दुकानांत तो स्वतः, त्याची पत्नी आणि एक-दोन नोकर एवढेंच मनुष्यबळ आहे, त्यानें या नव्या यंत्राशीं कसें वागावें हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच, तर उत्तर म्हणून सावधगिरीच्या दहा-बारा सूचनांची एक यादी त्याच्या हातीं दिली जाते. ती यादी चुकीची असते असें नाहीं. परंतु हा प्रश्न मुळांत नीतीचा आहे, आणि तो तसा आहे हें ओळखल्यावांचून सावधगिरीहि नीट साधणार नाहीं, असें मला वाटतें.

लहान धंदा म्हणतांना सरकारी व्याख्येंतला लहान धंदा माझ्या डोळ्यांपुढें नाहीं. ती व्याख्या एप्रिल २०२५ पासून इतकी विस्तारली आहे कीं, दहा कोटी रुपयांची उलाढाल असलेला उद्योगहि तींत 'सूक्ष्म' ठरूं शकतो! मला अभिप्रेत आहे तो पेठेंतला छापखाना, दस्तऐवजांचीं भाषांतरें करून देणारी दोन खोल्यांची कचेरी, दुकानदारांचे कर भरून देणारा हिशेबनीस, यात्रेचीं तिकिटें काढून देणारा गृहस्थ, औषधांचें दुकान. यांच्या भांडवलांत कितीहि अंतर असलें तरी एक गोष्ट समान आहे. गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतें तें त्यांच्या शब्दावर. 'अमक्याकडे गेलें म्हणजे काम चोख होतें' ही जी बोलवा, तेंच त्यांचें खरें भांडवल. तें ताळेबंदांत दिसत नाहीं. पण गेलें म्हणजे दुकान मोडतें.

अशा दुकानांत हें यंत्र शिरलें तें आळसाच्या वाटेनें नव्हे. रात्रीं अकरा वाजतां व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाचा प्रश्न येतो. परगांवच्या व्यापाऱ्याला इंग्रजींत पत्र लिहावयाचें असतें. जाहिरात करावयाची असते. आणि या प्रत्येक कामाला माणूस ठेवणें परवडत नाहीं. ज्याला जन्मांत कधीं लेखनिक ठेवतां आला नाहीं त्याला तो प्रथमच मिळाला, तोहि अल्प मोबदल्यांत, न थकणारा आणि विनयशील. त्याचा उपयोग करणाऱ्याला दोष देणें मला अन्यायाचें वाटतें.

धोका आहे तो या लेखनिकाच्या बोलण्याच्या स्वरूपांत. अपार मजकुराच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे याचा हिशेब तें यंत्र करतें, आणि त्या हिशेबानें वाक्य रचतें. तें वाक्य पुष्कळदां खरें असतें, कधीं निखालस खोटें असतें. परंतु दोहोंचा स्वर एकच. माणूस ठाऊक नसलेलें सांगूं लागला म्हणजे अडखळतो, नजर चुकवितो, 'शेठजींना विचारून सांगतों' म्हणतो. या अडखळण्याची किंमत आपणांस आजवर कळलेली नव्हती. २०२३ सालीं न्यूयॉर्कमधील एका वकिली कचेरींतील दोघां वकिलांनीं अशा यंत्रानें पुरविलेले निवाडे न्यायालयापुढें ठेविले. ते निवाडे कधीं झालेच नव्हते, आणि त्याबद्दल पांच हजार डॉलर दंड झाला. यांतील मौज अशी कीं, निवाडा खरा आहे काय म्हणून त्यांतील एकानें यंत्रालाच विचारलें होतें, आणि यंत्रानें होय म्हटलें होतें.

एअर कॅनडा या विमान कंपनीचें प्रकरण याहून विचार करण्यासारखें आहे. आजी वारल्यामुळें तातडीनें प्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाला २०२२ च्या नोव्हेंबरांत कंपनीच्या चॅटबॉटनें सांगितलें कीं, तिकीट आतां घ्या, शोकप्रसंगाची सवलत नव्वद दिवसांच्या आंत मागून घेतां येईल. कंपनीचा नियम याच्या उलट होता. वाद ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील न्यायाधिकरणापुढें गेला, तेव्हां कंपनीनें असा पवित्रा घेतला कीं, चॅटबॉट ही एक स्वतंत्र व्यक्ति असून तिच्या कृत्यांना तीच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यायाधिकरणानें तो बचाव फेटाळला आणि प्रवाशाला सुमारें ८१२ कॅनडियन डॉलर देवविले. रक्कम क्षुल्लक आहे. बचाव क्षुल्लक नाहीं. 'तें संगणकानें सांगितलें, मी काय करूं?' असें जेव्हां एखादा लहान दुकानदार म्हणतो तेव्हां तो हाच बचाव अधिक साध्या भाषेंत करीत असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, नोकर काय चुकत नाहींत? चुकतात, आणि म्हणूनच आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यानें, धंद्याच्या ओघांत मुखत्यारानें केलेलें असत्य कथन धन्यानेंच केल्यासारखें धरलें आहे. परंतु त्या कायद्याच्या पाठीमागें एक जुना व्यवहार आहे. धनी गुमास्त्याची पारख करतो. याच्या हातीं रोकड द्यावी पण उधारीचा निर्णय देऊं नये, असें मनाशीं ठरवितो. गुमास्ताहि चुकला तर शरमतो, पुढल्या खेपेस जपतो, आणि कालांतरानें दुकानाची अब्रू त्याला आपलीच वाटूं लागते. यंत्राच्या बाबतींत धन्याची जबाबदारी तेवढीच राहिली. ती पेलण्याचीं हीं साधनें मात्र गेलीं.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटिस लेखनाविरुद्ध एक तक्रार करतो. लिहिलेल्या शब्दाला कांहीं विचारावें तर तो पुन्हां तेंच सांगतो. आणि त्याच्यावर आळ आला तर त्याच्या रक्षणास त्याचा बाप धांवून यावा लागतो. तक्रारीचा पहिला भाग नव्या यंत्रानें निकालांत काढला, कारण तें प्रश्नांना उत्तरें देतें. दुसरा भाग मात्र त्यानें विकोपास नेला. हा शब्द जन्मतःच पोरका आहे.

पोरक्या कागदाचें काय करावें याविषयीं आपल्या जुन्या पेठांना कांहीं ठाऊक होतें. हुंड्यांच्या प्रकारांत शाहजोग नांवाची एक हुंडी असे. कोणीहि यावें आणि तिचे पैसे उचलावे अशी सोय नव्हती. पेठेंत ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातूनच ते मिळावयाचे, आणि पुढें हुंडी बनावट निघाली तर रक्कम परत करण्यास तो शाह बांधलेला असे. कागद दूरच्या गांवचा, लिहिणारा अनोळखी, आणणारा परका. पण मध्यें एक माणूस उभा आहे, त्याची पेढी सर्वांना माहीत आहे, आणि कागद खोटा ठरला तर तो पळून जाणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, लहान दुकानदारानें यंत्राच्या शब्दाचा शाह व्हावें. मोठ्या कंपनीला हें कठीण आहे. तेथें शाह शोधूं गेलें तर खातीं सांपडतात. लहान दुकानांत तो गल्ल्यावरच बसलेला असतो.

शाह होणें म्हणजे यंत्राचें प्रत्येक अक्षर वाचणें नव्हे. हात कमी म्हणून ज्यानें यंत्र घेतलें त्याला सर्व काम पुन्हां हातानें कर म्हणणें ही त्याची थट्टा आहे. जुना शाह तरी पेठेंतली प्रत्येक चिठी कोठें पाहात होता? दिवाळीच्या शुभेच्छा, आभाराचीं पत्रें, जाहिरातींतलीं विशेषणें यंत्रानें खुशाल लिहावीं. चुकलीं तर हसें होईल, इतकेंच. परंतु औषधाची मात्रा, कर भरण्याची शेवटची तारीख, माल परत घेण्याची अट, खरेदीखताच्या भाषांतरांतील चतुःसीमा, अशा ज्या शब्दावर विसंबून समोरचा माणूस पैसा देणार, औषध गिळणार किंवा सही करणार, तो शब्द यंत्राकडून परस्पर गिऱ्हाइकाकडे जातां कामा नये. चतुःसीमेंत 'पूर्वेस' च्या जागीं 'पश्चिमेस' पडलें तरी वाक्य निर्दोषच राहतें. जमीन मात्र बदलते.

यांतूनच एक कडू निष्कर्ष निघतो, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जें स्वतःला पारखतां येत नाहीं तें यंत्राच्या बळावर विकावयाचें नाहीं. मराठी-इंग्रजी भाषांतरें करणाऱ्या कचेरीला आज कानडी आणि गुजराती कामेंहि घेतां येतात. यंत्र तीं क्षणांत करून देतें, आणि गिऱ्हाईक अनायासें चालून आलेलें असतें. येथें सावधगिरीची यादी गप्प बसते, कारण फसवणूक म्हणावी असें कांहींच घडलेलें नसतें. पण कानडीचें अक्षरहि न ओळखणाऱ्यानें कानडी भाषांतरावर आपला शिक्का मारला, म्हणजे शाहानें कोऱ्या कागदाची हमी घेतली. 'हें काम आमच्याकडे होत नाहीं' हें वाक्य दुकानदाराला महाग पडतें. त्याची पत त्याच वाक्यानें बनलेली असते.

गिऱ्हाइकाचे कागद यंत्राच्या हवालीं करण्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें माहिती घेणाऱ्याला जें नांव दिलें आहे त्याच्या मुळाशीं विश्वस्ताची कल्पना आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व ते टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें. हिशेबनिसाकडे आलेले कागद ही ठेव आहे हें सांगण्यास कायदा लागूं नये. सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीचे नोकर २०२३ सालीं तिची गुप्त माहिती चॅटजीपीटीला देऊन मोकळे झाले. तेव्हां घाईच्या दिवशीं हें किती सहज घडतें याची कल्पना यावी. नांवें आणि आंकडे खोडून मगच कागद यंत्रापुढें ठेवावा, एवढी शिस्त कोणालाहि पाळतां येण्यासारखी आहे.

या सर्वांत एक अन्याय आहे, तो झांकून ठेवूं नये. यंत्र बनविणाऱ्या कंपन्या आपल्या अटींतच लिहून ठेवतात कीं, उत्तरें चुकीचीं असूं शकतील, पडताळा तुम्हीच घ्या. नफा वर जातो आणि जोखीम खालीं उतरत उतरत जो सर्वांत दुबळा त्याच्या गल्ल्याशीं येऊन थांबते. विमान कंपनीला ८१२ डॉलर जाणवलेहि नसतील. एका चुकीच्या मात्रेनें औषधाचें दुकान कायमचें बंद होतें. एकटा दुकानदार त्या अटींत काना-मात्रेचा फरक करूं शकत नाहीं. व्यापाऱ्यांच्या संघांनीं मिळून घासाघीस केली तर कदाचित् कांहीं होईल. ज्या प्रांतानें सहकारी पतपेढ्या उभ्या केल्या त्याला ही कल्पना परकी वाटूं नये.

परंतु मला अधिक चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पारख करणारा माणूस तयार कसा होतो? भाषांतराच्या कचेरींत नवा मुलगा आरंभीं कच्चे मसुदे करी, आणि वडील माणूस तांबड्या शाईनें ते खोडी. खोडतां खोडतां एक दिवस खोडण्यासारखें उरत नसे. आतां कच्चा मसुदा यंत्र करतें, वडील माणूस तो तपासतो, आणि मुलाला काम नाहीं. मालक विचारतो, पगार देऊन याच्या चुका मीं कां सोसाव्या? हिशेबाच्या भाषेंत याला माझ्याजवळ उत्तर नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस यंत्र बंद ठेवून मुलाकडून खतें लिहवून घ्यावीं, असें सुचवावेंसें वाटतें. पण त्या दोन दिवसांचा तोटा मालकानें सोसावा, मुलानें थोडा कमी पगार घ्यावा, कीं गिऱ्हाइकानें चार रुपये अधिक मोजावे, हें त्या तिघांनाच एकदां बसून ठरवावें लागेल.