काकोलुकिया

साताऱ्याच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला बाहेर गेले की आम्ही पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र पळवायला लागायचो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडला की ती पातळी पहिल्यापासून, पण घड्याळ मात्र पुढेच जात राहायचं. मी एकदाही पोचले नाही.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी तो खेळ केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवत राजपुत्राची चाल बसवली. यंत्राच्या मेमरीत नवा शत्रू काढायला जागा उरली नाही, तेव्हा राजपुत्राचीच आकृती वापरून त्याची सावली त्याच्यासमोर उभी केली. बाराव्या पातळीवर तिच्यावर वार केला तर आपलंच बळ कमी होतं. तलवार म्यान केली तरच ती आपल्यात मिसळते आणि वाट मोकळी होते. जागेच्या टंचाईतून सुचलेली ही युक्ती मला अजून त्या खेळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

मालिका पुढे बरीच वाढली. २०१० मध्ये सिनेमा निघाला, २०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये तर पात्रं फार्सीत बोलतानाही ऐकता येतात. पण मला लिहायचंय ते २००३ च्या 'द सँड्स ऑफ टाइम'बद्दल. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या मुलीने तो सवलतीत विकत घेतला. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात तिचं टेबल आणि माझं टेबल एकाच खोलीत आहे. ती खेळत होती, मी प्रूफं वाचत होते.

हा खेळ सुरू होतो तो एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने. पर्शियाचा राजा शारामान तो लुटतो. त्याचा मुलगा, म्हणजे आपला नायक, खजिन्यातून काळ मागे नेणारा खंजीर उचलतो. महाराजाची मुलगी फराह कैद होते. वजिराच्या फसवणुकीला भुलून राजपुत्र जादूची वाळू मोकळी करतो, माणसांचे राक्षस होतात आणि लुटणाऱ्याचा मुलगा व लुटलेल्याची मुलगी एकमेकांच्या आधाराने वाट काढू लागतात. चुकलं की खंजिराचं बटण दाबायचं. काही सेकंद उलटे फिरतात, पडलेला राजपुत्र पुन्हा कठड्यावर उभा. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

एका जागी फराह त्याला सांगते की लहानपणी भीती वाटली की म्हणायला आईने तिला एक शब्द दिला होता. तो तिने दुसऱ्या कुणालाच सांगितलेला नाही. काकोलुकिया. मी प्रूफं खाली ठेवली. 'काकोलूकीयम्' हे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं नाव. सहाव्या शतकात खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातला बुर्झोय पंचतंत्र पहलवीत घेऊन गेला, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेलं. आमच्या धंद्यातले हे पूर्वज. त्या तंत्रातला प्रश्न असा की शत्रूच्या गोटातून आलेल्याला जवळ करावं का. म्हातारा कावळा स्थिरजीवी घुबडांच्या गुहेत आश्रित म्हणून शिरतो आणि शेवटी ती पेटवून देतो. राजपुत्राच्या मनातही फराहविषयी हीच शंका सतत घोळते. खरं तर शंका तिने घ्यायला हवी.

शेवटी फराह मरते आणि राजपुत्र सगळाच काळ मागे नेतो, हल्ल्याच्या आदल्या रात्रीपर्यंत. रात्री तिच्या दालनात जाऊन तो सगळी हकिगत सांगतो. आपण इतका वेळ खेळलो ते म्हणजे त्याचं हे सांगणं. तिला यातलं काही आठवत नाही, ती विश्वास ठेवत नाही. तेव्हा तो तिचं चुंबन घेतो. ती त्याला दूर लोटते. तो खंजिराचं बटण दाबतो आणि तेवढे क्षण पुसून टाकतो. मग खंजीर परत करतो, ही नुसती गोष्ट होती असं म्हणतो, आणि जाताना तिने नाव विचारल्यावर 'काकोलुकिया' एवढंच सांगतो.

"हे बरोबर नाही केलं त्याने," मी म्हटलं.

"अगं आई, पण तिला आठवतच नाहीये. मग त्रास कुणाला झाला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मेलेली माणसं जिवंत झाली, त्याबद्दल तक्रार कोण करणार? पण तो नकार वेगळा आहे. तो तिचा होता. घटना पुसल्यावर त्याची आठवण फक्त राजपुत्राकडे उरते आणि तिचा रागावण्याचा हक्क जातो. माफ करायचं की नाही, हेही तिला ठरवता येत नाही. चूक दुरुस्त करणं आणि चूक कबूल करणं यांत हे अंतर आहे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण असं बटण मीही दाबलंय.

काही वर्षांपूर्वी धारवाडच्या एका लेखिकेच्या कथा मी मराठीत आणल्या. एका कथेत विधवा भावजयीपुढे दीर घराच्या वाटणीचे कागद ठेवतो. ती एकच शब्द बोलते, 'ओल्ले'. म्हणजे नको, मला मान्य नाही. मी कन्नड शिकले बंगळूरमध्ये, इथे नकाराला 'बेडा' म्हणतात. बारीक छपाईत मी 'ओळ्ळे' वाचलं, 'ओळ्ळेदु' तोडून म्हटलं असेल असं धरलं आणि मराठीत लिहिलं, 'बरं'. ल आणि ळ वेगळे ऐकणाऱ्या मराठी बाईने! पुढे ती घर सोडून जाते, तेव्हा माझ्या अनुवादात ती आधी कबूल होते आणि मग जाते. एका परीक्षणात त्या संदिग्धतेचं कौतुकही झालं.

चूक मला दोन वर्षांनी कळली. ई-बुकमध्ये एक शब्द बदलून घेतला, दुसऱ्या छपाईत 'नको' आलं. ई-बुक तर वाचकाच्या हातातच रातोरात बदलतं. कुणाला पत्ता लागला नाही. लेखिकेलाही नाही, त्या मराठी वाचत नाहीत.

'सँड्स ऑफ टाइम'चीही नवी आवृत्ती व्हायची होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलरमधल्या चित्रांवर टीका झाली, २०२२ मध्ये काम माँट्रिऑलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. पुण्यातल्या मुलांनी त्या चुंबनाचं काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. ते वगळता आलं नसतं, तसं वगळणं म्हणजे पुन्हा तेच बटण.

मूळ मालिकेने मात्र ते विसरू दिलं नाही. २००४ च्या भागात काळाचा रक्षक दाहाका राजपुत्राचा पाठलाग करतो. २००५ च्या 'द टू थ्रोन्स'च्या शेवटी फराह त्याला विचारते, माझा शब्द तुला कसा माहीत? आणि तो हकिगत पहिल्यापासून सांगू लागतो.

तो शेवट आम्ही संक्रांतीच्या सुमारास पाहिला. दुसऱ्या दिवशी मी धारवाडला फोन लावला. अक्का आता ऐंशीच्या घरात आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जुनी पुस्तकं किती विकली गेली?"

मी कधी विचारलंच नव्हतं. प्रकाशकांना विचारून सांगितलं, चारशे बारा.

"म्हणजे चारशे घरांत ती अजून हो म्हणतेय," अक्का म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

पुढच्या छपाईत एक पान वाढवायचं मी सुचवलंय, चुकीसकट. प्रकाशकांच्या मते त्याने पुस्तकाचं नुकसान होईल. पानाचा मजकूर मी अक्कांना कन्नडमध्ये पाठवला आहे. त्यांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या आहेत.