बेकारी, धंदा आणि गुन्हा : जबाबदार कोण?

आपल्या मोहल्ल्यांत गुन्हेगारीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले आपल्याच माणसांचे असते : "पोरांना काम नाही, म्हणून पोरं बिघडली." दुसरे बाहेरच्यांचे असते : "ती वस्तीच तसली आहे." पहिल्या वाक्यात कणव आहे, दुसऱ्यात तुच्छता आहे. तरीही दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याला मोकळे करतात. वस्तीच तसली म्हटले की सरकारला आणि शेजाऱ्याला काही करायचे उरत नाही. काम नाही म्हणून बिघडली म्हटले की आई-बाप, उस्ताद आणि जमात यांना काही करायचे उरत नाही. म्हणून ही दोन्ही वाक्ये एकदा नीट तपासून पाहिली पाहिजेत, असे मला वाटते. त्यासाठी आमच्या सोलापूरसारखे दुसरे शहर नाही.

आधी दुसरे वाक्य घेऊ. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो नव्याने करून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्याने माणूस गुन्हा केल्यामुळे नव्हे, तर एखाद्या जमातीत जन्मल्यामुळे गुन्हेगार ठरू लागला. सोलापुरात या जमातींसाठी तारेचे कुंपण घालून वसाहती उभ्या राहिल्या. आजही शहरातल्या त्या भागाला सेटलमेंट असेच म्हणतात. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, टकारी अशा जमातींची माणसे तेथे ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवानगी घ्यायची, असा तेथला शिरस्ता होता.

ही माणसे पिढ्यान् पिढ्या चोर होती काय? त्यांच्या नावांमागचे धंदे पाहा. कैकाडी टोपल्या विणीत. टकारी जात्यांना टाके घालून देत. पारधी शिकार करीत. बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचे तांडे रिकामे झाले. जंगलाचे कायदे आले आणि पारध्याची शिकार हीच चोरी ठरली. आधी धंदा गेला, मग गुन्हा आला आणि शेवटी गुन्हेगार हे नाव आले. कायद्याने मात्र ही साखळी उलटी वाचली.

या यादीत आपलेही लोक होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. छप्परबंद हे मुसलमान. त्यांच्या नावातच त्यांचा धंदा आहे. मोगल फौजांबरोबर ते दक्षिणेत आले आणि छावण्यांतून गवताची छपरे शाकारण्याचे काम करीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. फौजा गेल्या, छावण्या उठल्या, छपरे शाकारणाऱ्यांची गरज उरली नाही. विजापूर भागात स्थिरावलेल्या या लोकांपैकी काही जण फकिराच्या वेषात हिंडून खोटी नाणी खपवू लागले. काहींनी केले आणि नाव सगळ्यांचे लागले. पाळण्यातले मूलही नाणी पाडणाऱ्या जमातीचे म्हणून ओळखले जाऊ लागले. मुंबई प्रांतात १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. छप्परबंद आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. कागदावर ते विमुक्त झाले, परंतु पोलिसाच्या आणि घरमालकाच्या नजरेतून माणूस विमुक्त व्हायला कायद्यापेक्षा जास्त काळ लागतो.

तेव्हा "वस्तीच तसली" हे वाक्य सोलापूरच्याच इतिहासाने खोटे ठरवले आहे. सेटलमेंटमधील अनेक लोक सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. ज्यांना रक्तानेच चोर म्हटले गेले, तेच लोक पाळीप्रमाणे भोंग्यावर उठून साच्यावर उभे राहिले. हातांना काम मिळाले तेव्हा रक्ताने काही आडकाठी केली नाही. अर्थात कुंपणाच्या आतून मिळालेले काम म्हणजे न्याय नव्हे. गिरणीमालकांना स्वस्त मजूर हवे होते आणि सरकारला बंदोबस्त हवा होता. रोजगार मिळाला, इज्जत मिळाली नाही, हेही विसरून चालणार नाही.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. ती विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या नव्वदच्या दशकात बंद पडल्या. पुढे नरसिंग गिरजीचाही भोंगा थांबला. हजारो घरांची चूल विझली. बेकारीने माणूस गुन्हेगार होतो हा जर निसर्गनियम असता, तर सोलापुरातला प्रत्येक दुसरा माणूस तुरुंगात दिसला असता. तसे झाले नाही. गिरणीतून घरी आलेल्या माणसांनी भाजीच्या गाड्या लावल्या, रिक्षा चालवल्या, यंत्रमागावर मिळेल त्या मजुरीवर टॉवेल आणि चादरी विणल्या. घर चालवले ते बहुधा बायकांनी. सोलापूरच्या गल्ल्यांतून हजारो बाया सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने घेऊन विड्या वळतात. हजार विड्यांचा हिशेब दिवसभर मान मोडून पुरा करतात. त्यांच्याइतकी तंगी कोणाची? आणि त्यांच्याइतकी हलाल रोजी तरी कोणाची?

म्हणून गरिबीला गुन्ह्याची आई म्हणणे हा गरिबांवर केलेला आरोप आहे, सहानुभूती नव्हे. जो पोरगा बेकार असूनही सरळ राहिला, त्याच्या सरळपणाची किंमत आपण शून्य करतो.

मग बेकारीचा गुन्ह्याशी संबंध नाहीच काय? आहे, पण तो वेगळा आहे. बेकारी माणसाला चोर करीत नाही. ती त्याच्यासमोरचे दरवाजे एकेक करून बंद करते आणि एकच दरवाजा उघडा ठेवते. त्या दरवाजामागे कोणीतरी बसलेला असतो. त्याचा तो धंदा असतो. मटक्याचा अड्डा, बेकायदा सावकारी, हातभट्टी, नशेच्या गोळ्या, यांना आपण गुन्हे म्हणतो. परंतु त्यांच्या आतली रचना दुकानासारखी असते. भांडवल असते, मालक असतो, रोजंदारीची पोरे असतात, उधारी असते आणि वसुलीही असते.

मी ज्या शाळेत शिकवतो तेथे काही वर्षांपूर्वी एक आई आली होती. मुलगा आठवीत शाळा सोडून गेलेला. पुढे तो मटक्याच्या चिठ्ठ्या घेताना पकडला गेला होता आणि जामिनावर सुटला होता. आता पुण्यात पहारेकऱ्याचे काम मिळेल म्हणून दाखला हवा होता. दाखल्यावर वर्तणूक असा एक रकाना असतो. ती म्हणाली, "सर, बच्चा बुरा नई है, अच्छा लिख देव." आमच्या शाळेत तो खरेच चांगला होता, आणि दाखला शाळेपुरताच असतो. तेव्हा मी 'चांगली' असे लिहून दिले. परंतु नोकरी देणाऱ्याला पोलिसांकडचा कागदही हवा होता. तो मिळाला नाही आणि नोकरीही मिळाली नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. अड्ड्याच्या मालकाने त्या मुलाकडे एकही कागद मागितला नव्हता.

हाच खरा फरक आहे. सरळ धंदा जामीनदार मागतो, तारण मागतो, पत्ता विचारतो. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात नोंदवले आहे की, काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नको असलेला भाग समजतात. म्हणजे शिलाई मशीन घ्यायला निघालेल्या मुलाला त्याच्या गल्लीच्या नावावरून परत पाठवले जाते. त्याच गल्लीत सावकार मात्र रात्री अकरा वाजताही पैसे मोजून देतो. हप्ता चुकला की तोच सावकार वसुलीचे कामही त्याला देऊ करतो. गुन्ह्याचा धंदा पुष्कळदा सरळ धंद्याने रिकाम्या सोडलेल्या जागेवरच उभा राहतो.

आणि पकडला कोण जातो? चिठ्ठी घेणारा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते. राज्यातल्या तुरुंगांत मात्र त्यांचे प्रमाण अनेक वर्षे त्याच्या दुपटीहून अधिक राहिले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. त्यांना भेटलेल्या कैद्यांपैकी बहुतेक गरीब, कमी शिकलेले होते आणि बहुतेकांचा कोणत्याही टोळीशी संबंध नव्हता. २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. वकील आणि जामीन यांना पैसा लागतो. तो मालकाकडे असतो, नोकराकडे नसतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गुन्हा कशाला म्हणायचे, हे कायदा ठरवतो आणि कायदा बदलतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. काल जो दुकानदार होता तो आज आरोपी झाला. विडी मात्र कायदेशीर राहिली. २०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पिढ्यान् पिढ्या हा व्यवसाय करणाऱ्या कुरेशी बिरादरीतील अनेकांचा आणि कातडे कमावणाऱ्यांचा धंदा एका रात्रीत गुन्हा ठरला. उच्च न्यायालयाने २०१६ साली ही बंदी कायम ठेवली. कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु बंदी घालणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे : ज्याच्या हातातले काम काढून घेतले, त्याच्या हातात दुसरे काय दिले? गुटख्याने माणसे मरतात, तेव्हा ती बंदी योग्यच. तरी टपरीवाल्याचे पोट बंदीबरोबर बंद होत नाही. हा प्रश्न १८७१ साली कोणी विचारला नाही. त्याचे फळ छप्परबंदांनी भोगले.

मग जबाबदार कोण? या प्रश्नावर इस्लामी इतिहासातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये तो आला आहे. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी दुसऱ्या एकाची उंटीण चोरून कापली. प्रकरण हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर आले. त्यांनी आधी शिक्षा फर्मावली. मग ते थांबले आणि गुलामांच्या मालकाला म्हणाले की, तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती. हजरत उमर यांनी आठशे दिरहम भरायला लावले, आणि तेही मालकाला. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी चोरीची हद्द स्थगित ठेवली, हेही प्रसिद्धच आहे.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत आणि आपण बहुधा एकच उचलतो. चोरी हलाल आहे असे हजरत उमर कोठेही म्हणाले नाहीत. ज्याची उंटीण गेली त्याला ते विसरले नाहीत, उलट त्याला दुप्पट मिळवून दिले. पण जबाबदारी शोधताना ते उपाशी हातापाशी थांबले नाहीत. हाताला उपाशी ठेवणाऱ्यापर्यंत ते गेले. गुन्हेगाराची जबाबदारी आणि समाजाची जबाबदारी हे तराजूचे दोन पलडे नव्हेत की एक वर गेला म्हणजे दुसरा खाली यावा. दोन्ही पूर्ण असू शकतात. पोरगा दोषी आहे आणि आपणही दोषी आहोत, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात.

आता 'आपण' म्हणजे कोण, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. सरकार आहेच. बँका आहेत, पोलीस आहेत. त्यांच्याकडे हक्काने मागितलेच पाहिजे. परंतु मोहल्ल्यात कोणाचा पैसा कोठून येतो हे सगळ्यांना माहीत असते. तरी जलशात पुढच्या खुर्चीवर कोण बसतो? शाळेच्या कार्यक्रमात बक्षिसे कोणाच्या हस्ते दिली जातात? चिठ्ठी घेणाऱ्या पोराला आपण आवारा म्हणतो आणि चिठ्ठ्यांचा मालक देणगी देतो म्हणून त्याला सेठ म्हणतो. वर्गातली मुले हे सगळे पाहत असतात. आम्ही फळ्यावर हलाल रोजीचा धडा शिकवतो आणि समारंभात त्याच्या उलट धडा देतो. मुलांच्या लक्षात दुसराच राहतो.

एक अन्सारी मदत मागायला आला तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्याच्या घरातल्या दोन वस्तू दोन दिरहमांना विकल्या. एका दिरहमात घरच्यांचे अन्न आणि दुसऱ्यात कुऱ्हाड घ्यायला सांगितली, आणि लाकूड तोडायला पाठवले. ही हदीस आपण भीक वाईट हे सांगण्यासाठी ऐकवतो. तिच्यात कुऱ्हाड आहे, हे विसरतो. जकातीचा पैसा आपण रमजानमध्ये थोडा थोडा वाटून टाकतो. त्यातून एखाद्या गरजू घरात एक कुऱ्हाड का येऊ नये? सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे. शाळा सोडलेल्या मुलाला वर्षभर शिकवून एक मशीन घेऊन देणे एखाद्या मोहल्ल्याला जड नाही. तुरुंगातून परत आलेल्याला कोणी कामावर ठेवत नसेल, तर निदान आपल्याच कारखानदाराने आणि दुकानदाराने त्याला पहिला रोज द्यावा. जामीनदार म्हणून सही करायला जमातीतल्या चार पैसेवाल्यांनी पुढे यावे. यात जोखीम आहे, हे मला कळते. पण सावकारही जोखीम घेतोच. फरक इतकाच की तो आपल्या मुलांवर घेतो आणि आपण घेत नाही.

दाखल्यावरील वर्तणुकीच्या रकान्यात मुलाचे काय लिहायचे, हे आम्हा शिक्षकांना ठरवता येते. समाजाच्या वर्तणुकीचा रकाना कोणत्याही दाखल्यावर नसतो. तो असता तर तेथे काय लिहिले गेले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यापुरता जरूर करावा.